सीट फाटलेली नाही, रंग झिजलाय

गाडीची लेदर सीट दाखवायला माणूस येतो तेव्हा त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "काका, लेदर गेलं हो." मी दार उघडतो, ड्रायव्हर सीटच्या उजव्या कडेवरून अंगठा फिरवतो आणि बहुतेकांना सांगतो की लेदर जागेवर आहे, वरचा रंग झिजलाय. या दोन गोष्टींत खर्चाचा आणि मेहनतीचा जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो लोकांना माहीत नसतो म्हणून चांगलं चामडं उसवून फेकलं जातं आणि त्या जागी रेक्झिन चढतं. माझा जीव तुटतो ते बघून. म्हणून आज सगळं सविस्तर लिहितोय.

माझी उभी नोकरी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये झाली. पत्र्यावर रंग का धरतो आणि का सुटतो, एवढंच आयुष्यभर बघितलं. निवृत्त झाल्यावर पाथर्डी फाट्याजवळ घराच्या पार्किंगमध्ये कॉम्प्रेसर आणि छोटी स्प्रे गन घेऊन सीटचं काम सुरू केलं. पत्रा वेगळा, चामडं वेगळं, पण रंगाचा कायदा एकच. खाली तेल किंवा धूळ राहिली तर वरचा रंग कितीही भारी असला तरी सुटणार.

गाडीत जे लेदर येतं ते बहुतेक क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. जाडी साधारण १ ते १.३ मिलिमीटर. त्यावर रंगद्रव्य आणि ते धरून ठेवणाऱ्या रेझिनचा थर, आणि सगळ्यात वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक टॉपकोट. हे वरचे थर सगळे मिळून ०.१५ मिलिमीटरच्या आत असतात. त्याहून जाड झाले तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्याला नुसतं 'लेदर' म्हणता येत नाही. आता विचार करा. दहा-बारा वर्षं तुम्ही त्या सीटवर बसलात, उठलात, खिशातल्या किल्ल्या घासल्या, घाम जिरवला. हे सगळं सोसलं त्या पातळ थराने. तो झिजला की खालचे तंतू उघडे पडतात, ते मळ धरतात, काळपट आणि खरखरीत दिसतात. माणसाला वाटतं सीट फाटली. अंगठ्याने दाबून बघितलं तर मिलिमीटरभर चामडं शाबूत लागतं.

आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, चढणं-उतरणं उजव्या दारातून. त्यामुळे ड्रायव्हर सीटचा उजवीकडचा फुगीर भाग, ज्याला बोल्स्टर म्हणतात, तो सगळ्यात आधी जातो. उतरताना आपण पूर्ण वजन त्या कडेवर टाकून घसरतो. उंच गाडीत तर जास्तच. मागची सीट वीस वर्षांनीही नव्यासारखी असते ती याच कारणाने.

हात घालण्याआधी एक खात्री करून घ्यायची, की सीट खरंच लेदरची आहे का. झिजलेल्या जागी पापुद्रे सुटत असतील आणि खाली विणलेलं कापड किंवा जाळी दिसत असेल तर ते रेक्झिन किंवा पीयू, म्हणजे नकली लेदर आहे. त्यावर रंग टिकाऊ बसत नाही, मी ते काम घेत नाही, पॅनल बदलून घ्या म्हणतो. झिजलेल्या जागी बारीक लव दिसली आणि पाण्याचा थेंब टाकल्यावर ती जागा गडद झाली तर चामडं. कित्येक गाड्यांत टेकायचा-बसायचा भाग लेदरचा आणि बाजू-पाठ रेक्झिनची असते, तेव्हा एका ठिकाणी बघून ठरवू नका. आणि थेंब सगळीकडेच जिरत असेल, न झिजलेल्या जागीसुद्धा, तर ते अॅनिलिन लेदर, म्हणजे वर रंगद्रव्याचा थर नसलेलं. महागड्या गाड्यांत क्वचित भेटतं. त्याची तऱ्हा वेगळी, त्याच्यावर हे खाली लिहिलेलं काही करू नका.

आता खोबरेल तेलाबद्दल. हे मला मनापासून सांगायचंय, कारण निम्मं नुकसान त्याने होतं. आपल्या घरात चामड्याची ओळख कोल्हापुरी चपलेपासून होते. ती चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या चामड्याची, वर कसलाच थर नाही. तिला तेल पाजलं की ती पिते, मऊ होते, टिकते. आजोबांनी शिकवलेलं ते बरोबरच होतं. पण तीच सवय आपण गाडीच्या सीटला लावतो. गाडीच्या सीटला वर प्लास्टिकसारखा थर आहे, तिथे तेल आत जातच नाही, वर बसून राहतं, धूळ धरतं आणि त्या धुळीने थर घासला जातो. जिथे थर झिजलाय तिथे मात्र ते खोलवर मुरतं, तो भाग काळा पडतो आणि पुढे रंग धरत नाही. बूट पॉलिशचं तसंच. ते पँटला लागतं ते वेगळंच. महागडी कंडिशनरची बाटली घेतलीत तरी थर शाबूत असलेल्या सीटवर तिचा उपयोग फार थोडा आहे. त्या सीटला हवी असते ती फक्त स्वच्छता.

मार्चअखेरीस पिंपळगाव बसवंतकडचा एक द्राक्ष बागाईतदार तरुण होंडा अकॉर्ड गाडी घेऊन आला. जुनी, बेज लेदरची, वडलांसाठी घेतलेली. आधीच्या मालकाने टॉवेलचं कव्हर घातलेलं, ते यानेही तसंच ठेवलं होतं. एका बाजूने वर करून मला दाखवलं आणि म्हणाला, "काका, द्वारका सर्कलवर एक जण सांगू राहिला का सगळं काढून रेक्झिन मारून टाक. पन अप्पांना रेक्झिनवर घाम येतो. काय करायचं मंग?"

"भाऊ, आधी कव्हर पूर्ण काढा. मग बोलू."

कव्हर काढल्यावर खाली बारीक माती निघाली, अक्षरशः मुठीने. बागेतल्या वाटेवरची ती माती टॉवेलमधून गाळून खाली बसली होती आणि अप्पा बसले-उठले की कव्हर सरकून लेदर घासत होती. सीट जपायला घातलेल्या कव्हरनेच ती झिजवलेली मी पुष्कळ गाड्यांत बघितली आहे.

त्या गाडीत एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. शेजारच्या सीटवर मोरचुदाचे निळसर-हिरवे डाग होते. द्राक्षावरच्या डाऊनी रोगासाठी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, फवारून आलेला माणूस त्याच कपड्यांनी बसला असणार. सीटच्या मधल्या भागातला डाग, जिथे टॉपकोट शाबूत होता, क्लीनर आणि मऊ ब्रशने दोन मिनिटांत निघाला. तोच डाग कडेला, जिथे तंतू उघडे होते, तिथे काही केल्या निघेना, फक्त फिका झाला. त्या तरुणाला मी दोन्ही जागा शेजारी शेजारी दाखवल्या. वरचा थर काय काम करतो हे त्याला तिथल्या तिथे कळलं.

साफसफाई हेच या कामातलं खरं काम. चामडं स्वभावाने आम्लधर्मी असतं, पीएच साधारण ३.५ ते ५. कपड्याचा साबण आणि भांड्याची पावडर याच्या उलट टोकाला, अल्कधर्मी. त्याने मळ निघतो खरा, पण वारंवार वापरलं तर चामडं कडक होतं. म्हणून लेदरसाठीचाच क्लीनर घ्यायचा. तो थेट सीटवर न ओतता ब्रशवर घ्यायचा, फेस करायचा आणि गोल फिरवत एकेक वीतभर जागा करायची. फेस काळा होतो. मायक्रोफायबरने लगेच टिपायचा, वाळू द्यायचा नाही, नाहीतर मळ परत रेषांत बसतो. शिलाईच्या खाचा आणि सुरकुत्या यांना जुना टूथब्रश. फडकं पांढरं निघेपर्यंत हे चालू ठेवायचं. अकॉर्डच्या ड्रायव्हर सीटला या पायरीनंतर रंग न लावताच निम्मी गाडी नवी झाली, आणि कडेची जी जागा 'फाटली' म्हणत होते ती नुसती पांढरट, लव आलेली दिसायला लागली.

मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात निम्मं-निम्मं करून फडक्याने पुसायचं, हलक्या हाताने. याने तेल आणि डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन निघतं. सिलिकॉन राहिलं तर रंग मारताच त्यावर माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. पेंट शॉपमधला माझा जुना वैरी तो. त्यासाठी आमच्या विभागात केसाला जेल लावून येणाऱ्यालासुद्धा रंग मारायच्या बूथमध्ये घेत नसत.

स्वच्छ झालेली कड ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हळू घासायची, उभी राहिलेली लव बसेपर्यंत. नंतर १००० नंबर. भोवतालच्या चांगल्या भागावर फक्त चमक मोडेल इतकंच. मग येतो बाइंडर. पाण्यासारखं पातळ अॅक्रिलिक रेझिन असतं, स्पंजने पाजायचं. सुटे झालेले तंतू त्याने एकमेकांना धरतात. ते जिरेनासं झालं की थांबायचं. बारीक भेगा असतील तर त्यावर फिलर. पत्र्याला लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात तसंच भरायचं, पण पत्र्याची लांबी इथे अजिबात नको, ती कडक होते आणि पहिल्यांदा बसताच तडकते. लेदरचा फिलर रबरासारखा वाकतो. पातळ थर, वाळवणं, घासणं, पुन्हा पातळ थर. एकदम जाड भरून काम उरकू नये. खरंच भोक पडलं असेल तर आतून कॅनव्हासचा तुकडा सरकवून लवचिक गोंदाने चिकटवायचा आणि मग वरून भरायचं.

फोम मात्र आधी बघा. कडेचा फोम बसला असेल तर वरचं लेदर सैल पडून सुरकुतत राहतं, आणि त्या सुरकुतीत नवा रंग तडकतो. भद्रकालीतले एक कुशनवाले चाचा माझ्यासाठी हे काम करतात. ते सीटचं कव्हर खालून सोडवतात, झिजलेला फोम कापून तिथे घट्ट फोमचा तुकडा बसवतात आणि तासून असा आकार देतात की हात फिरवून सांधा सापडत नाही. शिलाई उसवली असेल तर जुन्याच भोकांतून नवा दोरा घालतात, कारण लेदरला नवं भोक पाडलं की ते कायमचं राहतं, आणि जवळजवळ पाडलेली भोकं म्हणजे फाटायची रेघच. चाचांचा हात मी कितीही वेळ बघत बसू शकतो.

इथे जिवाशी गाठ असलेली एक गोष्ट. सीटच्या पाठीच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगचा टॅग शिवलेला असेल तर आत साइड एअरबॅग आहे. तिथली शिलाई मुद्दाम फुटण्यासाठी बनवलेली असते. तिच्यावर फिलर, गोंद, जाड दोरा काहीही चढवायचं नाही. सीट काढायची असेल तर बॅटरीची निगेटिव्ह सोडून काही मिनिटं थांबायचं आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरशी खेळायचं नाही. ज्याला हे माहीत नाही त्या माणसाला सीट काढू देऊ नका. बाजारातली घट्ट कव्हरंही अशा सीटवर चढवताना एअरबॅगची कड मोकळी आहे का ते विचारा. बरेच दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

आता रंग. लोकांना हाच भाग बघायचा असतो, आणि मलाही यात सगळ्यात जास्त आनंद मिळतो. 'बेज' नावाचा एक रंग नसतो, प्रत्येक गाडीचा वेगळा. मी स्टीलच्या वाटीत पांढऱ्या बेसपासून सुरू करतो. पिवळा ऑक्साइड थोडा थोडा घालत मलईपर्यंत यायचं. मग रेड ऑक्साइडचा थेंब, त्याने ऊब येते. शेवटी काळा, आणि काळा थेंबाने घालायचा नाही. उदबत्तीच्या काडीचं टोक बुडवून वाटीत ढवळायचं. तेवढ्यानेही सगळी वाटी हलते, आणि एकदा काळा जास्त झाला की मागे यायला दुप्पट पांढरा ओतावा लागतो. वाटीत बघून निर्णय घ्यायचा नाही. पाण्यावरच्या (वॉटर-बेस्ड) या रंगातलं रेझिन ओलं असताना दुधाळ असतं, त्यामुळे वाटीतला रंग फिका दिसतो आणि वाळला की गडद होतो. म्हणून सीटवरच एक टिपका लावायचा, हेअर ड्रायरने वाळवायचा आणि मग बघायचं. टिपका भोवतालच्या रंगात हरवला पाहिजे. हे बघायचं उजेडात, गाडी पार्किंगमधून बाहेर सावलीत घेऊन. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात हिरवा निघू शकतो, कारण दोन वेगळ्या रंगद्रव्यांची मिश्रणं एका उजेडात सारखी आणि दुसऱ्या उजेडात वेगळी दिसतात.

जुळवायचा तरी कशाशी? हेडरेस्टखाली किंवा बेल्टच्या बकलामागे ऊन न लागलेला मूळ रंग सापडतो. पूर्ण सीट रंगवायची असेल तर तो धरायचा. फक्त कड करायची असेल तर शेजारचा पिकलेला, जरा पिवळट झालेला रंग धरायचा. एकच कड नव्या कोऱ्या रंगाची केली तर ती ठिगळासारखी डोळ्यात खुपते. अप्पांच्या गाडीला मी पिकलेलाच धरला.

पहिला हात स्पंजने, चोळून, म्हणजे रंग तंतूंत बसतो. पुढचे स्प्रेने, हवेचा दाब २५-३० पीएसआयच्या आसपास, इतके पातळ की पहिल्या फेरीत काही झालंच नाही असं वाटावं. प्रत्येक फेरीनंतर ड्रायर, आणि चार-पाच फेऱ्यांत रंग भरतो. लेदरला छिद्रं पाडलेली असतील तर तिथे स्पंज ओला करून चालत नाही, छिद्रं बुजतात. तिथे कोरडाच स्प्रे. मग टॉपकोट, त्यात क्रॉसलिंकर मिसळून. हा क्रॉसलिंकर रेझिनच्या साखळ्या एकमेकींना बांधतो आणि त्यामुळेच रंग घासणं, घाम, पाणी सोसतो. बाटलीवर लिहिलं असेल तेवढ्याच प्रमाणात घालायचा आणि मिसळलेलं त्याच दिवशी संपवायचं. क्रॉसलिंकर न घालता केलेलं काम गाडी देताना तितकंच सुंदर दिसतं, त्यामुळे ग्राहकाला फरक कळत नाही. उन्हाळ्यात बाहीला रंग लागला की कळतो. काम कोणाकडूनही करून घ्या, हा एक प्रश्न जरूर विचारा.

"काका, जरा चमकवून द्या ना," असं बरेच जण म्हणतात. मी नाही देत. नव्या गाडीचं लेदर बघा, त्याला मंद चमक असते, आरसा नसतो. जास्त चमक आली की चांगलं लेदरही रेक्झिन वाटतं. मी मॅट आणि सॅटिन मिसळून जुन्या भागाशी चमकसुद्धा जुळवतो. रंग जुळून चमक वेगळी राहिली तरी तिरक्या उजेडात कड ओळखू येते.

अप्पा गाडी न्यायला स्वतः आले होते. पांढरी टोपी, हातात काठी. बाहेरून कडेवर तळहात फिरवला, मग आत बसले, उतरले, पुन्हा बसले. मुलाला म्हणाले, "कव्हर नको टाकू आता." मी त्यांना सांगितलं की पहिला आठवडा जरा जपा, ओल्या कपड्यांनी बसू नका, नवी निळी जीन्स तर महिनाभर लांबच ठेवा, कारण तिची नीळ फिक्या लेदरवर चढते. उतरताना घसरू नका, दोन्ही पाय बाहेर टाकून उठा. अप्पा म्हणाले, "गुडघे दुखत्यात, पन बघतो." त्यांच्यासाठी कडेवर टॉपकोटचा एक हात मी जास्तीचा मारून ठेवलाच होता.

पुढची देखभाल सोपी आहे. आठवड्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकायची. दोन-तीन महिन्यांनी सौम्य क्लीनर, जास्त करून ड्रायव्हरची कड आणि मान टेकते ती जागा, कारण केसाचं तेल आणि घाम तिथे साचतो आणि तोच टॉपकोट मऊ करतो. उन्हात गाडी लावताना पुढच्या काचेला शेड लावा. एप्रिलमध्ये बंद गाडीतल्या सीटला हात लावून बघितलात तर का ते सांगावं लागणार नाही. सीटवर डॅशबोर्डचं पॉलिश मारू नका आणि वॉशिंग सेंटरवाल्यालाही मारू देऊ नका. तो प्रेमाने, फुकटात मारतो, आणि ते सिलिकॉन काढताना माझी एक सकाळ जाते.

पावसाळ्यात मी रंगाचं काम शक्यतो घेत नाही. पाण्यावरचे रंग दमट हवेत सावकाश वाळतात, कॉम्प्रेसरच्या हवेतही पाणी येतं, आणि ते थेंब टॉपकोटमध्ये पांढरट डाग सोडतात. साफसफाई, शिलाई, फोम एवढंच करतो. रंगासाठी दसऱ्यानंतर या म्हणतो.

इगतपुरी आणि त्र्यंबककडून मात्र याच दिवसांत फोन येतात, सीटवर बुरशी आली म्हणून. तिकडचा पाऊस नाशिक शहराच्या कितीतरी पट, आणि गाड्या आठ-आठ दिवस बंद उभ्या असतात. त्यांच्यासाठी इथेच लिहून ठेवतो. बुरशी गाडीत बसून झटकू नका, तिचे बीजाणू एसीत जातात. दारं उघडी टाका, तोंडाला फडकं बांधा, अल्कोहोल-पाण्याच्या फडक्याने टिपून घ्या, ते फडकं फेकून द्या, मग क्लीनरने धुवा आणि पंखा लावून पूर्ण वाळवा. पायाखालचं कार्पेट दाबून बघा. ते ओलं असेल तर बुरशीचं मूळ तिथे आहे, सीट कितीही पुसली तरी ती परत येणार. दाराचं रबर किंवा सनरूफच्या पाण्याची नळी तुंबलेली आहे का ते आधी तपासा आणि मगच मला फोन करा.